पगारी सुट्टी

"सायेब, तुमी खोटं लिवलंय."

मेहरुनबी टेबलासमोर उभीच राहिली. शेजारी तिचा नवरा फारूक. उजवा हात पट्टीत गुंडाळलेला. त्या हाताची तीन बोटं महिन्यापूर्वी हळदीच्या गिरणीत गेली होती.

कामगारांच्या कचेरीतल्या साहेबांनी चहाची बशी फायलीवरून बाजूला केली. "बाई, जपून बोला. चौकशीचा सरकारी कागद आहे हा."

"वाचून घेतलाय शेजारच्या पोरीकडनं. तुमी लिवलंय, अपघात गिरणीत झालाच न्हाई. मग काय माझ्या चुलीम्होरं झाला?"

"अपघात कधी झाला म्हणता? रविवारी. रविवारी ती गिरणी बंद असते." साहेबांनी हजेरीपत्रक तिच्याकडं फिरवलं. "हे बघा. फारूक इलाही. प्रत्येक रविवारी सुट्टी. तीही पगारी. कायद्याप्रमाणे. आणि खाली सह्या तुमच्या नवऱ्याच्या. चार वर्षांच्या."

मेहरुनबीनं नवऱ्याकडं पाहिलं. "ह्येच्यावर सह्या केल्या तुमी?"

"मुनीम बोट ठेवायचा, तितं करायचो," फारूक म्हणाला. "वाचायला कोण देतंय?"

मेहरुनबी पान उलटत गेली. लाल शाईतल्या प्रत्येक रविवारवर बोट टेकवत गेली. मग थांबली.

"सायेब, ही सुट्टी आमच्या हक्काची हुती?"

"अर्थात."

"पगारासकट?"

"हो बाई. सरकार काही झोपलेलं नाही."

फारूक हसला. वाईट हसला. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला मालक त्याला दोन तास सोडायचा आणि त्या बदल्यात अख्खा रविवार भरून घ्यायचा. फुकट. तोंडी ठरलेलं. गल्लीत फारूक मालकाचे गोडवे गायचा, दुसऱ्याच्या धर्माला मान देणारा माणूस आहे म्हणायचा. ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा मालकाच्याच घरी जायचा. आणि हळद पॉलिश करायचा ड्रम एकट्याला आवरत नाही, म्हणून जोडीला गिरणीतल्याच धनाजीलाही रविवारी यावं लागायचं.

धनाजी दाराशी उभा होता. फारूकनंच त्याला साक्षीला आणलं होतं.

"त्या रविवारी तुम्ही कुठं होतात?" साहेबांनी त्याला विचारलं.

"रानात," धनाजी म्हणाला. "पाणी पाजत हुतो."

"धनाजी, गड्या," फारूक म्हणाला, "माझा हात ड्रमच्या पट्ट्यात गेला, तवा बटण कुणी बंद केलं रं?"

धनाजी दाराची कडी चाचपत राहिला.

मेहरुनबी त्याच्याकडं वळली. आवाज चढवला नाही. "धनाजीभाऊ, ह्यांचा हात बांधून आणला त्यो तुमचा टॉवेल आमच्यातच हाय अजून. चारदा धुतला. डाग निघंना."

"ऱ्हाऊ द्या भाभी, तुमच्यातच," जमिनीकडं बघत धनाजी म्हणाला. मग हळूच, "मलाबी उद्या त्याच ड्रमवर जायाचंय. दोन पोरी हायत."

हे शेवटचं वाक्य साहेबांनाही ऐकू गेलं. लिहिलं मात्र पहिलंच. साक्षीदार रानात होता.

मग त्यांनी कागद पुढं सरकवला. "चौकशी मान्य म्हणून इथं सही करा. विषय संपला. भरपाई बसत नाही, पण मालक माणुसकीच्या नात्यानं औषधपाण्याचं बघतो म्हणालेत. चांगला माणूस आहे."

साहेबांचं बोट कागदावर होतं. फारूकचा उजवा हात सवयीनं पुढं आला आणि टेबलाच्या कडेला अडखळला.

"राहू दे, राहू दे," साहेब म्हणाले. त्यांनी शाईची डबी उघडली. "डावा अंगठा चालेल."

फारूकनं डावा हात उचलला. मेहरुनबीनं त्याचं मनगट धरलं.

"सोड," तो म्हणाला. "काय उपेग न्हाई."

तिनं सोडलं नाही. दुसऱ्या हातानं शाईची डबी मिटली आणि साहेबांचं पेन त्यांच्याच पुढं ठेवलं.

"आधी तुमी लिवा, सायेब. रविवारी गिरणी बंद. मशीन बंद. ह्यो माणूस पगारी सुट्टी घेऊन घरात बसलेला. मग ह्याची तीन बोटं गेली कशानं? लिवा की. तुमच्याच अक्षरात लिवा."