सहा आणि आठच्या मधे

“पाच.”

“सहा.”

मग नेहमीप्रमाणे सगळे एक श्वास गप्प राहिले. सात नंबरचा माणूस गेल्या उन्हाळ्यात वणव्यात गेला होता. त्याचा नंबर वणवा विझवणाऱ्या या टोळीने पुन्हा कोणाला दिला नव्हता. सहानंतर एक श्वास जाऊ द्यायचा आणि मग आठने बोलायचं, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण तेव्हापासून चाललं होतं तसंच.

“सात,” कोणीतरी म्हणालं.

 मुकादमाने आधी काय केलं, तर स्वतःच्या ओठांवर हात ठेवून पाहिला. ओठ मिटलेले होते.

दुपारचे तीन वाजले होते, पण धुरात शेजारचा माणूस दिसत नव्हता. सकाळपासून टोळीने दाताळ्यांनी पालापाचोळा ओढून लांबलचक पट्टा साफ केला होता, आग तिथे अडावी म्हणून. अर्ध्या तासापूर्वी वारा फिरला आणि आगीने तो पट्टा एका उडीत पार केला. आता एकच काम उरलं होतं. चारशे पावलं खाली कालचं जळीत होतं. तिथे आगीला खायला काही शिल्लक नव्हतं. तिथे पोचलं की सुटलो. तोवर दर शंभर पावलांना थांबायचं आणि प्रत्येकाने आपापला नंबर ओरडायचा. मुकादमाचा नंबर एक.

“कोण म्हणालं?” त्याने विचारलं.

“मी नाही, मुकादम!” आठचा आवाज चिरकला. “आईशपथ सांगतो, या वेळी मी नाही म्हणालो.”

या वेळी. गेल्या उन्हाळ्यात अशाच धुरात अशीच मोजणी झाली होती. सातच्या पाठीवरच्या पाण्याच्या पंपाचा पट्टा तुटला होता आणि तो मागे राहिला होता. तरी मोजणीत “सात” ऐकू आलं. बारापर्यंत आकडे पुरे झाले आणि टोळी निघाली. तो संध्याकाळी सापडला. धुरात आवाज कुणाचा, कुठून आला, काही कळत नाही. पण सगळ्यांनी आठकडेच पाहिलं, कारण सातनंतरचा नंबर त्याचा होता आणि सात त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. मागे राहिलेल्याचा नंबर आपणच म्हणून टाकायचा, ही खोड टोळीत सगळ्यांनाच होती. आठने आधी खूप शपथा घेतल्या. मग बहिणीने त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि हळूहळू त्यालाही वाटायला लागलं, की आपणच म्हणालो असू.

“माहितीये मला,” मुकादम म्हणाला. “पुन्हा मोजा.”

पुन्हा मोजलं. सहा नंबर मावशीचा. सहा म्हणताना तिच्यासारख्या खमकीचाही आवाज कापला. सगळे कान टवकारून थांबले.

“सात.” या वेळी आवाज बारीक होता, आणि मागून येत होता. आगीच्या बाजूने.

कोणीतरी रडू लागलं. मावशी म्हणाली, “भूत असलं तरी आपल्याच टोळीचं आहे. काही करायचं नाही ते. चला मुकाट्याने खाली.”

तेवढ्यात तो आवाज खोकला.

“भुताला खोकला येत नाही,” मुकादम म्हणाला. त्याने वॉकी-टॉकी मावशीच्या हातात कोंबला. “टोळी घेऊन जळितात जा. माझी वाट बघू नका.”

तो एकटाच मागे वळला.  आगीला तो वीस वर्षं भीत आलाच होता, पण ही भीती निराळी होती. पुढे कोणाचा चेहरा दिसेल, याची ती भीती होती. दहा पावलं चालून तो ओरडला, “सहा!” धुरातून उत्तर आलं, “सात.” आणखी दहा पावलं. “सहा!” “सात.” कपाळाची कातडी भाजून निघत होती. मग त्याचा बूट कशाला तरी लागला.

नाल्यापलीकडे आग विझवणाऱ्या दुसऱ्या टोळीतला माणूस होता. दाढी पांढरी, पाय मुरगळून सुजलेला. आपल्या माणसांपासून तुटून भलतीकडे आला होता.

“ओरडून ओरडून घसा बसला,” तो म्हणाला. “मोजणी ऐकली, वाटलं आपलीच टोळी. माझा नंबर सात. सहा झालं, म्हणून मी सात म्हणालो. तुमचा सात कुठाय?”

 मुकादमाने त्याला खांद्यावर घेतलं आणि तो खाली पळत सुटला.

जळितात घोट्यापर्यंत राख होती. सगळे तिथे जिवंत होते. मावशीने मोजणी करायला लावली. सहानंतर पांढरी दाढी सवयीने “सात” म्हणाली, आणि आठ मटकन राखेत बसला.

“त्या दिवशी मीच म्हणालो असेन ना, मुकादम?” तो म्हणाला. “मला खरंच आठवत नाही हो. ताईला काय सांगू?”

आग मागे राहिली होती. मुकादमाची भीती जायला हवी होती, पण ती आत्ता कुठे खरी सुरू झाली. समोर अकरा तोंडं त्याच्याकडे बघत होती. तो आठच्या समोर राखेत बसला.

“ताईला माझ्याकडे पाठव,” तो म्हणाला. “मोजणी सहावर अडली होती. आग जवळ आली होती. सात मी म्हणालो होतो.”