वरच्या पट्टीतला आकडा

"पूर्ण कोर्स नको. मला एक्सेलमधल्या एका सेलपुरतं शिकवा," घड्याळवाले काका म्हणाले आणि खुर्चीत बसून धापा टाकत राहिले. कम्प्युटर क्लास पहिल्याच मजल्यावर होता, पण अठरा पायऱ्या चढायला त्यांना पाच मिनिटं लागली होती.

क्लासच्या बाईंनी पाणी दिलं. एका महिन्याच्या फीत तीन महिन्यांचं शिकून घेणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पूर्ण फी पुढे करून एकच सेल मागणारा हा पहिलाच.

काकांनी पेन ड्राइव्ह दिला. त्यात लॅबकडून दर महिन्याला येणारी फाइल होती. नाव नाही, नुसता नोंदणी क्रमांक, तारखा आणि एक रकाना: 4.2E+04, 3.8E+05, 6.1E+06.

"हे असं का दिसतं, ठाऊक आहे ना?" बाईंनी विचारलं.

"लॅबवालीने सांगितलंय. E च्या पुढचा अंक एकने वाढला की आकडा दसपट. रक्तातल्या वाईट पेशी आहेत त्या." काकांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "बायकोच्या."

बाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"फाइल आली की विचारते, E पुढे काय आलं? मी चारच म्हणून थापा मारतोय. आता म्हणते, स्क्रीनवर दाखवा. खरं कळलं तर हाय खाईल हो ती. माझा थोरला भाऊ असाच गेला. आजाराचं नाव ऐकलं, अंथरूण धरलं आणि तीन आठवड्यांत आटोपलं. मीही त्याच मातीचा. साधा ताप आला तरी मृत्युपत्राच्या गोष्टी करतो. पण तिच्यासाठी उभा आहे."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"त्यांच्याशी तीच बोलते. मला आत जायचा धीर होत नाही. सुईला मात्र घाबरते, म्हणून लॅबमध्ये रक्त द्यायला आधी मी दंड पुढे करतो, मग ती पडद्यामागे जाते. गोळ्यांचंही तसंच. माझी ताकदीची, तिची औषधाची. दिसायला सारख्याच, पण मी गिळल्याशिवाय ती हात लावत नाही."

बाईंनी खोटं शिकवायला क्लास काढला नव्हता. त्या तसं म्हणणार, तोच काका उठले आणि खरंच त्यांच्या पायाशी वाकू लागले. "दुसरा काही उपाय नाही उरला, मॅडम."

शेवटी बाईंनी माउस हातात घेतला. सेलवर राइट क्लिक, फॉरमॅट सेल्स, कस्टम. तिथल्या चौकटीत 0.00E+00 असं लिहिलेलं होतं. आकडा कसा दाखवायचा ते त्यावरून ठरतं. बाईंनी ते पुसलं आणि अवतरण चिन्हांत "2.9E+03" टाइप केलं. सेलमध्ये तेच उमटलं.

"आणि खरा आकडा?"

"आहे तिथेच आहे. फक्त सोंग बदललं. सेलवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत दिसणारच."

काकांनी क्लिक केलं. वर 6100000 आलं. एकसष्ट लाख. घड्याळातले केसाएवढे भाग जुळवणाऱ्या बोटाने त्यांनी एकेक शून्य मोजलं.

त्यांनी सगळं कागदावर उतरवलं आणि दहा वेळा करून पाहिलं. निघताना पँट सावरून पट्टा आवळला. त्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं. काळजी माणसाला आतून पोखरते, असं बाईंच्या मनात आलं.

आठवड्याने एक बाई एका दमात जिना चढून आली. "मी घड्याळवाल्यांची बायको."

क्लासच्या बाई उठून उभ्या राहिल्या. "काकू, चुकलं माझं. ते इतके गयावया करत होते..."

"चुकलं कसलं? ह्यांच्या खिशात तुझ्या क्लासची पावती आणि तो कागद सापडला मला. छान शिकवलंस. मला तीन दाखवतात. मी खूश झाल्यासारखं करते, मग तेही चार घास खातात." काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या. "पण मी बाहेर गेले की त्या सेलवर क्लिक करतात आणि वर बघत बसतात. कालपासून अन्नाला शिवले नाहीत. ती वरची पट्टी लपवता येते का गं?"

"येते. शीटला कुलूप लावता येतं. पण लपवायचं कोणापासून?"

"ह्यांच्यापासून. पुढची फाइल लॅबवाली आधी माझ्याकडे देणार आहे. काहीतरी कर, पोरी. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत खचतोय."

बाईंचे डोळे भरून आले. "काकू, आजारी तुम्ही आणि जपताय त्यांना? आधी स्वतःकडे बघा. आकडा तुमच्या रक्ताचा आहे!"

काकूंनी उठून दार लोटलं आणि कडी नीट बसली का ते पाहिलं.

"मला काय धाड भरलीय, पोरी?" त्या हळूच म्हणाल्या. "रक्त ह्यांचं आहे."