ढेकूळ

आई गेल्यापासून कुंड्या ओस पडल्या होत्या, म्हणून रविवारी लेक पदर खोचून त्यांच्या मागे लागली. बाबांनी मदत म्हणून परसातल्या वाफ्यातली माती घमेलंभर आणून ठेवली, तशी ती वैतागली.

"बाबा, ही वाफ्यात ठीक आहे. कुंडीत तिचा दगड होतो. पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. आई इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत होती, तरी तुम्ही आपले ढिम्म."

बाबा गुपचूप आत गेले. तिनं कोकोपीट भिजवलं, शेणखत चाळलं, वाफ्यातली माती जेमतेम दोन ओंजळी घेतली. खिडकीच्या कठड्यावर एक वाळकं ढेकूळ पडलेलं दिसलं, तेही खुरप्याच्या मुठीनं फोडून त्यातच मिसळलं. सगळं कसं भुसभुशीत, हलकं झालं. कुंड्या भरून तिनं हात धुतले, तेव्हा कुठं तिच्या जिवाला बरं वाटलं.

ती परत आली तर बाबा एका कुंडीतली माती बोटांनी चाचपत होते.

"काय शोधताय?"

"काही नाही गं. कठड्यावर एक ढेकूळ होतं."

"फोडलं मी ते. का?"

"दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी तुझ्या आईनं ओली माती मुठीत आवळून बघितली होती, कुंडीला चालेल का म्हणून. तिची चारही बोटं उठली होती त्यावर."

लेकीचा चेहरा बघून ते घाईघाईनं म्हणाले, "तू केलंस ते बरोबरच आहे. चालणार नाही, असंच म्हणाली होती ती."