दांडा धर

"वच्छे, इकडं ये. दांडा धर."

स्वयंपाकघरातून गंगाधर ओरडला आणि त्याच्या बायकोच्या, प्रेमलाच्या अंगाची लाही लाही झाली.

बाहेरच्या खोलीत बार्शीची माणसं बसली होती. वच्छलाला, म्हणजे गंगाधरच्या धाकट्या बहिणीला, बघायला आलेली. पानं मांडून झाली होती, वरण-भात तेवढा कुकरात अडकला होता. भवानी पेठेतल्या त्या गल्लीत कुकर असलेलं हे एकच घर, आणि झाकण उघडायचा मान गंगाधरचा. कुकरची शिट्टी तो कपाटात कुलूप लावून ठेवायचा. का? तर बायकांना यंत्रातलं कळत नाही म्हणून! डाळ निवडायची हिनं, स्टोव्हला पंप मारायचा हिनं, आणि झाकण मात्र साहेबांनी उघडायचं.

आज झाकण साहेबांचं ऐकेना. त्यानं शिट्टी उचलली, फुस्स झालं नाही. "बघ, वाफ न्हाय राहिली," म्हणाला आणि लागला हिसके द्यायला.

"वाफ आतच हाय. भोकात डाळ अडकलीय," प्रेमला म्हणाली. "ओढू नका. गार होऊ द्या."

"तू गप की! तुला काय कळतंय? पाहुणे ताटकळलेत. वच्छे, ये म्हणलं ना?"

वच्छला आली. नवी इरकली साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. तिनं मुकाट्यानं वाकून दांडा धरला. तोंड बरोबर झाकणावर.

दिवाळीच्या आधी तोच दांडा प्रेमलानं धरला होता. झाकण उडालं, वाफ उसळली आणि कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं. आणि हा बाबा गल्लीभर सांगत सुटला, आमची ही लई धांदरट!

"सोड," ती वच्छलाला म्हणाली.

"धर!" गंगाधर.

"सोड म्हणते ना!" प्रेमलानं नणंदेचा हात ओढून काढला आणि कुकरच्या आड उभी राहिली. आवाज बाहेर जातोय हे तिला कळत होतं. जाऊ दे. "माझा हात भाजला, मी गप बसले. उद्या हिचं तोंड भाजल्यावर काय सांगणार? ही पण धांदरट?"

बाहेरच्या खोलीत कुणीतरी खाकरलं.

"पाहुणे ऐकत्यात," गंगाधर दातओठ खात पुटपुटला.

"ऐकू देत की. त्यांना बी कळू दे, पोरगी कसल्या घरातली हाय."

तिनं कुकर बेतानं उचलून मोरीत नेला आणि झाकणावर गार पाण्याचे तांबे ओतत राहिली. मग शेजारी फतकल मारून बसली. गंगाधर दोनदा आत डोकावला. तिनं मान वर केली नाही. बऱ्याच वेळानं तिनं दोन बोटांनी दांडा सरकवला. झाकण निमूट निघालं. केरसुणीच्या काडीनं भोकातली डाळ टोकरून काढली. शिट्टी धुऊन, पुसून तिनं पदराच्या गाठीत बांधली. गंगाधरनं हात पुढं केला होता. तो तसाच राहिला.

जेवणं झाली. मग बघण्याचा कार्यक्रम. मुलाची आई रुक्मिणीबाई, जणू काहीच कानावर पडलं नाही अशा थाटात विचारू लागल्या. नाव काय, शाळा कितवीपर्यंत, शिवण येतं का. वच्छलानं खाली बघून सगळी उत्तरं दिली.

"तुला काही विचारायचंय का गं?" शेवटी रुक्मिणीबाई म्हणाल्या. म्हणायची पद्धत म्हणून म्हणाल्या. कुठली पोरगी विचारते?

वच्छलानं दाराशी उभ्या वयनीच्या हाताकडं पाहिलं. मग मान वर केली.

"तुमच्याकडं कुकर हाय?"

"हाय की!" रुक्मिणीबाई कौतुकानं हसल्या. "मोठा हाय, आठ माणसांचा."

"मग झाकण कोण उघडतं?" वच्छलानं विचारलं. "आणि दांडा कोण धरतं?"