शकुनचं विरजण

दूध कोमट झालं होतं. वामनरावांनी बोट बुडवून पाहिलं आणि दह्याचं गाडगं घ्यायला वळले. गाडगं ओट्यावर पालथं होतं. दुपारी भाकरीबरोबर सगळं दही खाऊन त्यांनीच ते घासलं होतं. चमचाभर मागं ठेवायचं राहिलं.

बायको शकुन गेल्यापासून दोन वर्षं तिच्याच दह्यानं रोजचं दही लागत होतं. मागच्या महिन्यात अमरावतीच्या डॉक्टरनं वामनरावांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाच मिनिटांनी एकच आठवला. पोटातल्या जंतूंचा म्हातारपणच्या विसरण्याशी संबंध असावा, अजून अभ्यास चालू आहे, दही-आंबील मात्र सोडू नका, असं डॉक्टर म्हणाला. लेक रागिणी तिथूनच त्यांना अकोल्याला आपल्या घरी न्यायला निघाली होती.

"तुह्या मायचं इरजन ज्या दिवशी मोडन, त्या दिवशी मी येतो," वामनरावांनी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी फोन करून विचारायची.

वाटी घेऊन ते पलीकडच्या गल्लीतल्या वाहेदच्या घराकडे निघाले. पाय उचलून चालले, कारण दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही, हा शकुनचा नियम होता. वाहेदची बायको नसीमबानो अंगणात तूर पाखडत होती. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी तिची म्हैस व्याली, तेव्हा शकुननंच तिला विरजण दिलं होतं. तो शुक्रवार होता. वामनरावांना पक्कं आठवत होतं.

त्यांनी वाटी पुढे केली. नसीमबानोनं वाटीकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"दिवेलागण झाली, भाऊ. तुमच्या शकुनबाईनं मले अशाच येळी दारातून वापस पाठोलं होतं."

वामनराव हलले नाहीत.

तिनं मशिदीच्या दिशेनं कान दिला. "मगरीबची अजान नाही झाली अजून. म्हंजे दिवस हाये," म्हणाली आणि आत गेली. दही देताना तिनं सांगितलं की तिची लेक उज्माही वरूडला सासरी हेच विरजण लावते.

घरी येऊन त्यांनी ते दुधात ढवळलं. बाहेर अजान सुरू झाली, तेवढ्यात फोन वाजला. रागिणीनं रोजचंच विचारलं.

"आज मी इसरलो," वामनराव म्हणाले. "पण मोडलं नाही. नसीमबानोच्या घरी होतं. वरूडलेही हाये."

वामनरावांनी गाडग्यावर झाकण ठेवलं.

"सकाळी ये. दही खाऊन जाय."