वहीतलं पुढचं पान

भक्तीने नागावच्या आपल्या होमस्टेच्या पडवीत एक वही ठेवली होती. वर लिहिलं होतं, 'तुमची एक गोष्ट इथे लिहून जा.' पाहुणे लिहायचे आणि भक्ती ते दुपारी आईला वाचून दाखवायची. लकवा झाल्यापासून दोन वर्षं आई, रखमा, अंथरुणावर होती. या काळात ती एक शब्दही बोलली नव्हती.

त्या दिवशी सकाळी गेलेल्या माणगावच्या एका बाईंनी आपल्या धाकट्या भावाबद्दल लिहिलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी जत्रेत त्याचा हात सुटला होता. भक्ती पान उलटणार, तेवढ्यात आईचे ओठ हलले.

"हातात पिवळी पिपाणी व्हती."

आई बोलली. भक्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पान उलटलं. पहिलीच ओळ होती, 'त्याच्या हातात पिवळी पिपाणी होती.'

रखमाला वाचता येत नव्हतं.

पुढची प्रत्येक ओळ भक्तीच्या आधी आई म्हणत गेली. शेवटी लिहिलं होतं, 'तो पुन्हा दिसला नाही.' त्याखाली बाईंचा फोन नंबर होता. पुढचं पान कोरं होतं.

आई बोलायची थांबली नाही.

"त्यो जिता हाय. तिला फोन लाव, भक्ती. कुठं हाय त्ये मी सांगते."