कानासकट

"कट! मामा, कान राहिला!"

दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. मामा वरच्या मजल्याची काच फोडून खाली आले होते, खोक्यांच्या ढिगातून उठले होते, पाठमोरे चालायलाही लागले होते. सगळं मूळ तमिळ सिनेमात होतं तस्सं. फक्त तिथे हीरो उठल्यावर डाव्या कानाची पाळी ओढतो, ती मामांनी ओढली नव्हती.

आणि तो सिनेमा चालला होता त्या कानावर. तिकडे थिएटरात त्या क्षणाला शिट्ट्या पडायच्या. कॉलेजची पोरं भेटली की आधी कान ओढायची, मग बोलायची. एका समीक्षकाला त्यात मृत्यूची थट्टा दिसली होती. निर्मात्याने हिंदीसाठी हक्क घेतले ते कानासकट. हीरोने तर आरशासमोर सराव करून पाळी लाल करून घेतली होती. उडी मात्र तिकडेही मामांची, इकडेही मामांचीच. डुप्लिकेटला भाषा लागत नाही.

"तमिळमध्ये तुम्हीच ओढला होतात ना?"

"मीच."

"मग आहात तिथं उभं राहून ओढा. जोडून घेतो."

मामांचे हात खालीच. ऊन समोरच्या गच्चीवरून सरकत चाललं होतं आणि सेट उद्या मोडायचा होता. निर्माता पुढे आला.

"मामा, नुसता कान मागतोय. तेवढंही जमणार नसेल, तर पुढच्या सिनेमाला दुसरा माणूस बघतो."

"हवी तर आणखी एक उडी मारतो, साहेब. कान नाही ओढणार."

"का, पण?"

मामांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याशेजारच्या पेटीवर मामी बसायच्या, प्रत्येक उडीला. आता त्या तिथे नव्हत्या. पिशवीतलं क्रेप बँडेज काढून, फुटक्या काचांतून वाट काढत त्या केव्हाच निघाल्या होत्या. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

"ती खूण हिच्यासाठी असते," मामा ओशाळून म्हणाले. "काच फुटली की हिचा जीव थाऱ्यावर नसतो. कान ओढला की समजायचं, लागलं नाही. आज गुडघा गेलाय. या बाबतीत हिला कधी खोटं सांगितलं नाही."

"बाकी सगळ्या बाबतीत सांगितलंय," मामी येऊन पोचल्या. "बसा खाली. पँट वर करा."

दिग्दर्शकाने हळूच हीरोला हाक मारली. नाहीतरी पाठच दिसायची होती. तसलंच जाकीट घालून हीरो मामांच्या जागी उभा राहिला आणि त्याने झोकात कान ओढला. सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या.

मामा तिकडे बघत राहिले. "आपली खूण गेली गं."

मामींनी बँडेजचा वेढा घट्ट ओढला. मान वर केलीच नाही.

"ओढू दे की. खरंच तर सांगतोय बिचारा. त्याला कुठं लागलंय!"